सुहासराव तरस आणि कोरडं फडकं

एका जंगलात एक जीप होती.

मुलांनो, जंगलात जीप कुठून आली असं विचारू नका. एक साहेब ती घेऊन सिंह बघायला आले होते. साहेबांना सिंह अगदी जवळून दिसला. जीप तेवढी राहिली. याहून जास्त सांगितलं तर तुम्हाला जेवण जाणार नाही.

त्या जंगलाचे राजे होते प्रचंडसिंह महाराज. त्यांनी ती जीप राजवाहन म्हणून जाहीर केली. जीप सुरू होत नव्हती, पण राजवाहनानं सुरू व्हावं अशी अट कुठे असते? पुढे गवे जुंपले की ती चालायची. महाराज मागच्या सीटवर उभे राहायचे, आयाळ वाऱ्यावर सोडायचे, आणि वाटेतली जनता भराभर झाडावर चढायची. याला दौरा म्हणत.

जीप अंगानं हिरवी होती. पण तिचे बंपर, चाकांवरच्या कमानी, दाराखालची रुंद पट्टी, आरशांच्या टोप्या हे सगळं काळ्या प्लास्टिकचं होतं. आली तेव्हा ते काळंभोर होतं. मग उन्हाळे आले आणि गेले. काळं प्लास्टिक आधी करडं पडलं, मग राखेच्या रंगाचं झालं, आणि शेवटी त्यावर पांढरट पापुद्रा दिसायला लागला.

हे सगळ्यांना दिसत होतं, पण बोलायची सोय नव्हती. कारण त्याच उन्हाळ्यांत महाराजांची आयाळही तशीच पडली होती. त्यामुळे 'करडा', 'राखाडी' आणि 'पांढरा' हे शब्द दरबारात उच्चारायला बंदी होती. बगळ्यांना 'फिकट काळे' म्हणायचं असा हुकूम निघाला होता, आणि बगळे बिचारे त्या नावाला ओ देत होते.

या जीपचा कारभार सुहासराव तरस यांच्याकडे होता. ते जीपमंत्री होते.

सुहासराव मंत्री कसे झाले तेही ऐका. तरसाला भीती वाटली की हसू येतं, हे तुम्हाला माहीत आहे. महाराजांना माहीत नव्हतं. एकदा महाराज भर दरबारात चवताळून उठले. सगळे वाट फुटेल तिकडे पळाले. सुहासरावांचे पाय मात्र जागचे हलेनात, आणि ते खदखदा हसत सुटले. महाराजांना वाटलं, हा काय छातीचा गडी आहे. त्यांनी तिथल्या तिथे मंत्रिपद देऊन टाकलं. असे मंत्री फक्त जंगलातच होतात, हे मी मुद्दाम सांगून ठेवतो.

मंत्रिपदाला पगार नव्हता. पंगतीचा मान होता. त्या जंगलात शिकार झाली की पहिले महाराज जेवत. ते ढेकर देऊन उठले की मानाची पंगत बसे. तिच्या नंतर कोल्हे, मग गिधाडं, मग कावळे, आणि अगदी शेवटी मुंग्या. मानाच्या पंगतीला मांडी मिळायची. मुंग्यांच्या पंगतीला वास मिळायचा. सुहासरावांनी आयुष्यभर कोल्ह्यांच्याही मागे बसून हाडं फोडली होती. आता ते मानाच्या पंगतीत बसत होते, आणि त्यांच्या बायको मंदाकिनीबाई शेजारणींना मांडीच्या चवीचं वर्णन ऐकवत होत्या. ही जागा जाऊ नये, एवढीच सुहासरावांची जगाकडे मागणी होती.

एके दिवशी नदीपलीकडून सांगावा आला. पलीकडच्या जंगलाचा राजा होता पट्टेराव वाघ. दोन जंगलांच्या मधोमध नदीचा एक डोह होता. उन्हाळ्यात सगळीकडचं पाणी आटलं तरी त्या डोहात हत्ती बुडेल इतकं पाणी असायचं. डोह आपला, असं दोन्ही राजे म्हणत. पट्टेरावांनी निरोप धाडला होता, 'पौर्णिमेला काठावर भेटू. बोलून काय ते मिटवू.'

महाराजांनी सुहासरावांना बोलावून घेतलं.

"तरस," महाराज म्हणाले, "आपण जीपमधून जाणार."

"जशी आज्ञा, महाराज."

"जीपचं जे काळं आहे ते काळं दिसत नाही."

सुहासराव सावध झाले. "फिकट काळं दिसतं, महाराज."

"ते काळं काळं दिसलं पाहिजे. त्या पट्ट्याच्या डोळ्यांत भरलं पाहिजे. नाही झालं तर मानाच्या पंगतीत तुझी जागा बदलेल."

"म्हणजे कोल्ह्यांच्या पंगतीत बसायचं का, महाराज?"

"बसायचं नाही," महाराज म्हणाले. "वाढलं जायचं."

सुहासराव मनापासून हसले. महाराजांना त्यांच्या धैर्याचं पुन्हा कौतुक वाटलं.

घरी आल्यावर सुहासरावांच्या तोंडाला अन्न लागेना. मंदाकिनीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, "अहो, असं डोकं धरून बसलात तर बंपर काळा होणार आहे का? श्यामकांतला विचारा. तो शहरात जाऊन-येऊन असतो."

श्यामकांत हा कावळा. शहरात गाड्या धुण्याचं एक सेंटर होतं, त्याच्या समोरच्या विजेच्या खांबावर तो रोज सकाळ काढायचा. जंगलात परत आला की 'आमच्या शहरात' अशी सुरुवात करून बोलायचा. आधी खायला घातल्याशिवाय बोलायचा नाही, आणि खायला घातल्यावर थांबायचा नाही.

खाऊन झाल्यावर श्यामकांतनं जीपभोवती एक चक्कर मारली आणि चोचीनं बंपरवर टकटक केली.

"आमच्या शहरात याला रोग म्हणत नाहीत, सुहासराव. ऊन खाल्लंय प्लास्टिकनं. जीपच्या मागच्या खणात बघा. साहेब लोक पॉलिश जवळ ठेवतात."

खणात खरंच एक भला मोठा कॅन निघाला. आत दुधासारखं पातळ काहीतरी होतं. सोबत एक स्पंज होता आणि मऊ फडकी होती.

"आता नीट ऐका," श्यामकांत म्हणाला. "घाई झाली की ओघळ आलेच. आधी प्लास्टिक धुवायचं, कोपऱ्याकापऱ्यातली माती काढायची. मग खडखडीत वाळू द्यायचं. ओल राहिली तर डाग पडतात. गाडी सावलीत घ्यायची. प्लास्टिक हाताला गार लागलं पाहिजे. तापलेल्यावर लावलं तर ते जागच्या जागी सुकतं आणि पट्टे उठतात."

"मग ओतायचं?"

"ओतायचं कधीच नाही. स्पंजवर थोडंसं घ्यायचं. एका दिशेनं, एकसारखं पसरायचं. थोडा वेळ मुरू द्यायचं. आणि मग," इथे श्यामकांतनं मान वाकडी करून सुहासरावांकडे पाहिलं, "कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायचं."

"लावलेलं पुसायचं?"

"जास्तीचं पुसायचं. जे प्लास्टिकनं प्यायचं ते पिऊन झालेलं असतं. वर राहतं ते त्याच्या काही उपयोगाचं नसतं. तेच धूळ धरतं आणि तेच खाली ओघळतं. सगळी कला पुसण्यात आहे. आमच्या शहरात लावायला कोणालाही ठेवतात. पुसायला मालक स्वतः उभा राहतो."

एवढं बोलून श्यामकांत उडून गेला. सल्ला देणारे काम सुरू व्हायच्या आधी उडून जातात. तुम्हीही मोठे झाल्यावर हे ध्यानात ठेवा.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सुहासरावांनी गव्यांना हाताशी धरून जीप जांभळाच्या दाट सावलीत नेली. मंदाकिनीबाईंनी पाणी आणलं. दोघांनी मिळून बंपर घासला, कमानी घासल्या, पट्टीच्या खाचेतली माती काडीनं काढली. मग वाळेपर्यंत दोघं शांत बसून राहिले. सुहासराव अधूनमधून प्लास्टिकला गाल लावून बघत होते. गार लागत होतं.

मग त्यांनी स्पंजवर अगदी थोडं पॉलिश घेतलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलं. थांबले. मग कोरडं फडकं घेऊन हलक्या हातानं पुसलं.

मुलांनो, तो बंपर काळा झाला. चकचकीत नाही, तेलकट नाही, नुसता काळा, जसा तो पहिल्या दिवशी होता. एक ओघळ नव्हता, एक डाग नव्हता. कमानी झाल्या, पट्टी झाली, आरशांच्या टोप्या झाल्या. सुहासरावांनी आजवर दुसऱ्यांनी मारलेलं खाल्लं होतं आणि दुसऱ्यांनी टाकलेलं फोडलं होतं. स्वतःच्या पंजानं एखादी गोष्ट आधीपेक्षा चांगली केलेली त्यांना आठवत नव्हती. त्यांना फार आनंद झाला. त्यांनी मंदाकिनीबाईंकडे पाहिलं, तर त्याही डोळे पुसत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "आता तुमची जागा कोणी हलवत नाही."

दुपारी दरबार भरला. जीप समोर उभी केली. महाराज आले, थबकले, आणि बघतच राहिले.

"काळं," महाराज म्हणाले.

"काळंच, महाराज," दरबार म्हणाला. इतक्या दिवसांनी खरं बोलायला मिळाल्यामुळे सगळ्यांना हलकं वाटलं.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण दरबारात चंद्राबाई घोरपड होत्या. त्या जंगलाच्या तपासणीस. काम बरोबर झालं आहे म्हणून तपासणीस उठून घरी गेल्या, असं कधी ऐकलं आहे का तुम्ही? चंद्राबाई सरपटत पुढे आल्या. त्यांनी आपली लांब जीभ बाहेर काढली आणि बंपर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाटला.

"महाराज," त्या म्हणाल्या, "चव लागत नाही."

"कसली चव?"

"पॉलिशची. वर पॉलिश नाहीच. आपणच पंजा लावून पहावा."

महाराजांनी बंपरवर पंजा फिरवला आणि पंजा डोळ्यांसमोर धरला. पंजा कोरडा होता.

"तरस, जीपला लावलेलं माझ्या पंजाला का लागत नाही?"

"महाराज, ते आत मुरलं आहे."

चंद्राबाईंनी कॅन हलवून पाहिला. "कॅन तर जवळजवळ भरलेला आहे. राजवाहन एवढं मोठं, आणि पॉलिश एवढंसं? महाराजांच्या जीपला हात आखडता घेतला की काय?"

"थोडंच लावायचं असतं, चंद्राबाई," सुहासराव म्हणाले. "आणि जास्तीचं पुसायचं असतं."

झाडावरच्या वानरांनी खाजवायचंही थांबवलं.

"काय म्हणालास?" महाराजांनी विचारलं. "लावलेलं पुसलंस?"

आता त्या जंगलाची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. जंगलाच्या वेशीवर एक देव होता. माणसं येऊन त्याला शेंदूर लावत. वर्षानुवर्षं शेंदरावर शेंदूर चढत होता. देव मूळचा मुठीएवढा होता म्हणतात, आता तो हत्तीच्या डोक्याएवढा झाला होता. जंगलातल्या प्राण्यांनी मोठ्यांना काही लावायचं म्हणजे काय, हे तिथेच बघून घेतलं होतं.

"शेंदूर लावून कोणी पुसतं का?" चंद्राबाईंनी दरबाराला विचारलं.

"नाही," दरबार म्हणाला.

"देवाचं पुसत नाहीत आणि महाराजांचं पुसतात?"

"नाही, नाही," दरबार म्हणाला. काहींनी कानाला हात लावले.

"आणि पुसलेलं गेलं कुठे?" चंद्राबाईंनी शेवटचा प्रश्न टाकला. "ज्या फडक्यानं पुसलं ते फडकं कोणाच्या घरी आहे?"

फडकं सुहासरावांच्या घरीच होतं. मंदाकिनीबाईंनी ते धुऊन वाळत घातलं होतं. चंद्राबाईंनी ते जप्त केलं आणि काखेत मारलं. सुहासरावांना भीतीनं इतकं हसू फुटलं की अंगाला आचके बसायला लागले.

महाराज थोडे विरघळले. "हसतोय म्हणजे मनात पाप नसावं," ते म्हणाले. "चुकला असेल. पुन्हा लावा. माझ्यासमोर लावा, सगळे मिळून लावा, आणि कॅन रिकामा करा. पुसायचं कोणी नाही. जो पुसेल त्याला मी पुसून टाकीन."

"महाराज, निदान सावलीत," सुहासराव म्हणाले.

"महाराजांचं काम अंधारात लपून करायचं?" चंद्राबाई म्हणाल्या.

जीप भर उन्हात ओढली गेली. प्लास्टिक इतकं तापलं होतं की त्यावर बसलेली माशी बसल्या जागी नाचत होती. मग जंगलानं जे केलं त्याला राज्यकारभार म्हणतात. अस्वलानं दोन्ही पंजे कॅनमध्ये बुडवले आणि बंपरला मिठी मारली. अस्वलाचे केस त्यावर चिकटून राहिले. वानरांनी शेपट्या बुडवून कमानी रंगवल्या आणि उरलेलं एकमेकांना रंगवलं. हत्तीनं सोंड भरून घेतली आणि दाराखालच्या पट्टीवर फवारा मारला. तो दारावरही गेला, काचेवर गेला, गव्यांवरही गेला. जो तो महाराज आपल्याकडे बघताहेत ना, हे बघत होता. मागे राहिलो असं कोणी म्हणू नये म्हणून काहींनी दुसऱ्यांदा लावलं.

सुहासरावांना हे बघवत नव्हतं. सकाळी गाल लावून पाहिलेल्या त्या बंपरवर आता बोटभर जाडीचा चिकटा होता. मंदाकिनीबाईंनी मागून त्यांच्या पाठीवर पंजा ठेवला.

महाराजांनी पंजा लावला. पंजा चिकटला. तो सोडवताना चर्र असा आवाज झाला.

"आत्ता लावल्यासारखं वाटतंय," महाराज म्हणाले.

कॅनच्या तळाशी थोडं उरलं होतं. चंद्राबाई महाराजांच्या कानाशी लागल्या. "महाराज, फिकट काळ्याचं काळं होतं म्हणतात. आयाळीला थोडंसं..."

महाराजांनी इकडेतिकडे पाहिलं. मग उरलेलं सगळं आयाळीवर उपडं केलं. पुसायला कोणी पुढे झालं नाही, कारण कोणाची तयारी नव्हती पुसलं जायची.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळीच दौरा निघाला. वाट लाल मातीची, पुढे गवे खूर आपटत चाललेले. धुळीचा लोटच्या लोट उठला. कोरड्या जीपवर धूळ बसली असती आणि उडून गेली असती. या जीपवर ती बसली आणि राहिली. ऊन चढलं तसं पॉलिश पातळ झालं आणि आरशांच्या टोप्यांवरून, कमानींवरून खाली सुटलं. हिरव्या दारांवर उभे ओघळ उतरले, आणि प्रत्येक ओघळानं आपापली धूळ धरली. महाराजांच्या आयाळीतूनही तेच चाललं होतं. कपाळावरून, गालांवरून, मानेवरून, पाठीवरून, पोटावरून. महाराजांना वाटलं, घाम येतो आहे.

सुहासराव जीपच्या मागून चालत होते. त्यांना सगळं दिसत होतं. त्यांनी चंद्राबाईंकडे पाहिलं. चंद्राबाईंनी फडकं घट्ट धरलं आणि आभाळाकडे पाहिलं.

डोहाच्या काठावर जीप थांबली. महाराज उतरले आणि पाणी प्यायला वाकले. पाण्यात त्यांना एक पट्टेदार तोंड दिसलं. भुवया चढवून ते त्यांच्याकडेच बघत होतं.

महाराज झटकन सरळ झाले. "या, पट्टेराव," ते मोठ्या सौजन्यानं पाण्याला म्हणाले. "आमच्या आधीच आलात. प्रवास सुखाचा झाला ना?"

पाणी काही बोललं नाही. महाराजांनी मान हलवली, पट्टेरावांनीही हलवली. महाराजांनी पंजा वर केला, पट्टेरावांनीही केला. मग महाराजांनी सावकाश मागे वळून जीपकडे पाहिलं. जीपही वाघासारखी पट्टेदार झाली होती. शेवटी त्यांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

आणि पलीकडच्या काठावर झुडपं हलायला लागली. खरे पट्टेराव येत होते.

"हे कोणाचं काम?" महाराज हळू आवाजात म्हणाले. ते हळू बोलले की फार वाईट होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. "डोहावर हक्क सांगायला मी वाघ होऊन आलो? आता तो म्हणणार, तुम्ही आमचेच. कोणाचं काम आहे हे?"

अस्वलानं सुहासरावांकडे बोट केलं. हत्तीनं सोंड केली. वानरांनी शेपट्या केल्या. चंद्राबाईंनी जीभ केली.

"तरस," महाराज म्हणाले, "मी अजून सकाळचा जेवलेलो नाही."

सुहासरावांना या वेळी हसूही येईना. भीती हसण्याच्या पलीकडे गेली होती. मंदाकिनीबाई आठवल्या, जांभळाची सावली आठवली, तो गार बंपर आठवला. आणि अशा वेळी डोक्यात जी एकच गोष्ट असते तीच तोंडातून बाहेर पडते. त्यांच्या डोक्यात फडकं होतं.

"महाराज," ते म्हणाले, "आपण वाघ झालेले नाहीत. आपण सिंहच आहात. फक्त पुसलेले नाही आहात."

"म्हणजे?"

"लावलं आणि पुसलं नाही तर पट्टे उठतात. जीपला उठले. आपल्याला उठले." मग जीव मुठीत धरून सुहासराव बोलून गेले, "पट्टेरावांचंही तसंच झालं असणार, महाराज. मूळचे ते सिंहच. त्यांच्या खापरपणजोबांना कोणीतरी काहीतरी लावलं, आणि वेळेवर पुसलं नाही."

महाराजांनी समोरच्या काठाकडे पाहिलं. पट्टेराव झुडपातून बाहेर आले होते. उन्हात त्यांचे पट्टे लखलखत होते. महाराजांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा आपल्या पोटाकडे. मग त्यांच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं.

"नीट न पुसलेला सिंह," महाराज म्हणाले.

"नीट न पुसलेला सिंह," दरबार म्हणाला.

"मी कधीपासून हेच म्हणत होते," चंद्राबाई म्हणाल्या.

सुहासरावांच्या जिवात जीव आला. मुलांनो, आयुष्यात त्यांना इतकं हुशार वाटलं नव्हतं. मानाची पंगत त्यांना डोळ्यांसमोर दिसायला लागली. मांडीचा वाससुद्धा आला.

पट्टेराव पाणी ओलांडून काठावर आले. त्यांनी जीप पाहिली, महाराजांना पाहिलं, आणि ते खूश झाले. "वा, प्रचंडसिंह. आमचा मान ठेवायला आमचा पोशाख करून आलात. इतकं कोण कोणासाठी करतं? डोह तुमचा. आम्हाला उन्हाळ्यात पिऊ द्या, म्हणजे झालं."

इथे महाराजांनी 'आभारी आहे' म्हणायला हवं होतं. पण एखाद्याला नवी विद्या मिळाली की ती त्याला पोटात ठेवता येत नाही.

"राव," महाराज म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरची दया होती, "तुम्ही मनाचे मोठे. मला आज कळलं तुमच्यावर काय प्रसंग गुदरला ते. पण काळजी करू नका. माझ्याकडे पुसण्यात हात बसलेला गडी आहे. तुम्हाला पूर्ववत सिंह करून देईल."

मिटलेलं भांडण पुन्हा नको म्हणून पट्टेरावांनी राग मिशांतच ठेवला. "कोण तो?"

"सुहासराव, पुढे व्हा," महाराज म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी 'तरस' न म्हणता नावानं हाक मारली होती. चंद्राबाईंनी काखेतून फडकं काढलं आणि स्वतः होऊन सुहासरावांच्या हातात दिलं. नियमाप्रमाणे त्यांनी ते परत केलं.

सुहासराव पुढे झाले. महाराजांनी त्यांना जवळ ओढून कानात सांगितलं, "एक पट्टा जरी राहिला, तर मी तुला खाईन."

मग सुहासराव पट्टेरावांच्या पाठीमागे गेले. पट्टेरावांनी मान वळवून कानात सांगितलं, "एक पट्टा जरी गेला, तर मी तुला खाईन."

सुहासरावांनी फडकं कोरडं आहे ना ते पाहिलं. पट्टेरावांना झाडाच्या सावलीत बसवलं. अंग हाताला गार लागतंय याची खात्री करून घेतली. आणि एका दिशेनं, अगदी हलक्या हातानं पुसायला सुरुवात केली.

पट्टेरावांना ते फार आवडलं. आजवर त्यांची पाठ चोळायची कोणाची छाती झाली नव्हती. थोड्या वेळानं ते घुरघुरायला लागले आणि म्हणाले, "रोज येत जा." महाराजही रोज विचारतात, "निघतंय का?" सुहासराव म्हणतात, "थोडं राहिलंय, महाराज." पट्टेरावही विचारतात, "जात नाहीये ना?" सुहासराव म्हणतात, "मुळीच नाही, सरकार." दोन्ही राजे समाधानी आहेत. दोन जंगलांत इतकी शांतता पूर्वी कधी नव्हती.

जीप डोहाच्या काठावर तशीच उभी आहे. तिचे ओघळ बघायला लांबून प्राणी येतात, आणि चंद्राबाई त्यांना राजचिन्हाची माहिती सांगतात.

सुहासराव अजून पुसत आहेत. सकाळी जातात ते अंधार पडल्यावर येतात. मानाच्या पंगतीतली त्यांची जागा महाराजांनी कायमची करून दिली आहे. तिथे दुसऱ्या कोणाला बसू देत नाहीत. जेवणाच्या वेळी सुहासराव कामावर असतात, म्हणून ती रिकामी असते. त्यांच्या वाट्याची मांडी कोल्हे खातात, कोल्ह्यांचं उरलेलं गिधाडं खातात. सुहासराव घरी येतात तेव्हा मंदाकिनीबाई मुंग्यांच्या पंगतीत त्यांच्यासाठी जागा धरून बसलेल्या असतात.

तात्पर्य : मुलांनो, गाडीच्या बाहेरच्या काळ्या प्लास्टिकला पॉलिश सावलीत लावावं, थोडं लावावं, आणि जास्तीचं कोरड्या फडक्यानं पुसून घ्यावं, म्हणजे ओघळ येत नाहीत. ओघळ आले तर घाबरू नये, त्यांचं राजचिन्ह करता येतं. मात्र आपल्याला पुसता येतं, हे वरच्यांना कधीही कळू देऊ नये.